नवशीच्या डोलीचा मरातब

संस्थानी जव्हारात कोणी काय खावं याची दरबाराला फारशी काळजी नव्हती. कोणी कशात बसावं याची मात्र होती. घोड्यावर कोण, मेण्यात कोण, डोलीत कोण, खुर्चीवर कोण, हे सगळं ठरलेलं होतं. जमिनीवर बसणारे लोक सर्वांत जास्त असल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा नियम केलेला नव्हता. त्यांनी बसूच नये, एवढीच माफक अपेक्षा होती. ही गोष्ट जुन्या दप्तरांत शोधायला जाऊ नका. ती मी रचलेली आहे, आणि रचताना मला फारसे कष्ट पडले नाहीत.

साखरशेतच्या एका पाड्यावर नवशी नावाची पहिलटकरीण होती. आठवा महिना लागला होता. पोट वाढलं याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तक्रार होती पोटाखालच्या हाडांबद्दल. पुढे, जिथे दोन्हीकडची हाडं एकत्र येतात तिथे एक कळ होती, आणि मागे, बैठकीच्या वर, तिच्या दोन बहिणी. एका पायावर भार आला की तिघी एकदम जाग्या व्हायच्या. उंबरा ओलांडताना कळ, लुगडं नेसताना कळ, कुशीवर वळताना तर अशी कळ की नवरा लाडक्या दचकून उठून बसायचा. शेतातलं भात झोडून झालं होतं, नाचणी कणगीत पडली होती, आणि ओढ्यावरून पाणी आणणं एवढंच काय ते काम उरलं होतं. तेही तिला होईना.

नवशीची आई, गौरा, सुईण होती. ती राहायची मोखाड्याच्या अलीकडे, नदीकाठच्या सपाटीवरच्या एका पाड्यात. पाणी दाराशी, चढ नाही, उतार नाही. साखरशेतहून तिथे जायचं तर आधी जव्हार गाठायचं आणि मग घाट. गौराला स्वतःला येता येत नव्हतं, कारण तिच्याकडे आणखी दोघी बाळंतपणाला आल्या होत्या. तिने बाजारकऱ्याबरोबर निरोप धाडला.

निरोप घेऊन सुकऱ्या आला आणि अंगणातूनच ओरडला, "नवशे, तुझी आयस सांगं, कुल्ह्यांवरनं लुगड्याचा पट्टा आवळून बांध. गुडघं जोडून ऱ्हा. कुशीवर वळायचं तं दोनी पाय संगातीच वळव. निजताना गुडघ्यांच्या मधी गोधडीची वळकटी घाल. आनि चालू नको. लाडक्याला सांग, डोली बांध आनि पोरीला मजकडं आन. बालंतपन मी करीन."

नवशीने पट्टा बांधला आणि तिला थोडं बरं वाटलं. वळकटी घातली तेव्हा झोपही लागली. राहिली डोली.

डोली ही लाडक्याला नवी गोष्ट नव्हती. त्याच्या घराण्याकडे वेठ होती ती खांद्याचीच. जव्हारातून कोणी अंमलदार फिरतीवर निघाला की लाडक्या आणि त्याचा भाऊ माघ्या डोलीला खांदा द्यायचे. त्याने मामलेदार वाहिले होते, फौजदार वाहिले होते, आणि एकदा एका गोऱ्या साहेबाचा कुत्रा वाहिला होता. कुत्रा वजनाला हलका आणि वागायला बरा होता, असं तो सांगायचा. तिकडे मुंबईत ट्रामगाडी विजेवर धावू लागली होती. इकडे लाडक्याच्या खांद्याला मात्र कोणी पर्याय काढला नव्हता.

त्याने चांगला मजबूत बांबू तोडला, त्याला गोधडीची झोळी बांधली, आणि ऊन लागू नये म्हणून वरून एक लुगडं टाकलं. नवशी गुडघे जुळवून आत बसली. पुढे लाडक्या, मागे माघ्या. अशी ती डोली सकाळी निघाली.

शिरपामाळाखाली संस्थानचं एक नाकं होतं. तिथला नाकेदार खाटेवर पडून दात कोरत होता. त्याला लांबून लाडक्या दिसला. लाडक्याच्या खांद्यावर डोली दिसली. डोलीवर पडदा दिसला. लाडक्याच्या खांद्यावर आजवर अंमलदार आणि साहेबाचा कुत्रा यांच्याखेरीज काही आलेलंच नव्हतं. नाकेदाराने पागोटं डोक्यावर चढवलं, दोन शिपायांना ओरडून रांगेत उभं केलं आणि कमरेत वाकून, जमिनीला हात लावून, एकापाठोपाठ तीन मुजरे केले.

"नाक्यावर सर्व क्षेम आहे, रावसाहेब. काही आज्ञा?"

"पानी हाय का?" डोलीतून आवाज आला.

नाकेदाराने आदराने पाणी आणलं. पडदा बाजूला झाला. नवशीने भांडं घेतलं, पाणी प्यायली, भांडं परत दिलं.

"तू कोण?" नाकेदाराने विचारलं.

"नवशी. साखरशेतची."

"डोलीत काय करतेस?"

"बसलीय."

हे उत्तर बरोबर होतं, आणि तेच भयंकर होतं. दोन शिपाई बघत होते. बाजाराला चाललेली पाच-पन्नास माणसं बघत होती. मानकरी नसलेल्याला मुजरा करणाऱ्याची नोकरी जाते, हा नियम नाकेदाराला पाठ होता, कारण आधीचा नाकेदार त्याच नियमाने गेला होता. शिवाय झालेला मुजरा परत घेण्याची तरतूद नव्हती. दिलेली जमीन दरबार परत घेऊ शकत होता. दिलेला शब्द तर बऱ्याचदा घेत होता. पण वाकून केलेला मुजरा परत कसा घ्यायचा? उलट्या बाजूला वाकून?

"जाऊ द्या ना, दादा," लाडक्या म्हणाला. "हिला चालवं नाय. हिची आयस वाट बघं."

"साधी बाई असती तर लगेच सोडली असती," नाकेदार घाम पुसत म्हणाला. "पण मी हिला मुजरा केलाय. म्हणजे ही मानकरी आहे. मानकऱ्याला असं कसं सोडू? कचेरीत चला. तिथे हिचा मान कायम करून घेऊ. नाहीतर माझी बायकापोरं उपाशी मरतील."

नवशीला त्याच्या बायकापोरांची दया आली. ती म्हणाली, "चला. वाटंवरच हाय."

संस्थानची ती कचेरी उंच जोत्यावर होती आणि कारभाऱ्यांची बैठक माडीवर होती. फाटकाच्या आत डोली न्यायचा हक्क फक्त कारभाऱ्यांना होता, त्यामुळे नवशीला फाटकाशी उतरवलं. लाडक्या आणि माघ्याच्या खांद्यांवर हात टाकून, पाय जवळजवळ ठेवत ती जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आली. तिथे तिने वर पाहिलं आणि ती थांबली.

माडीवर नाकेदाराने सगळी हकीकत सांगितली. कारभाऱ्यांनी डोळे मिटून विचार केला. मुजरा चुकीचा धरावा तर नाकेदाराला काढावं लागणार, आणि नाकेदार हा कारभाऱ्यांचा सख्खा मेहुणा होता. घरात जेवण कोणाच्या हातचं आहे हे कारभारी जाणून होते.

"मुजरा बरोबर होता," ते डोळे उघडून म्हणाले. "तेव्हा बाई मानकरी असली पाहिजे. तिला वर बोलवा, मान स्वीकारायला."

"ती चढत नाही, रावसाहेब. दुखतं म्हणते."

"दरबाराचा मान नाकारते?"

"मान नाकारत नाही. जिना नाकारते."

मग संस्थानच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर चांगले होते, हे सांगितलं पाहिजे. ते खाली जाऊन नवशीशी नीट बोलले, कुठे दुखतं ते विचारलं, पट्टा कसा बांधलाय तो पाहिला आणि मान डोलावून वर आले.

"काळजीचं कारण नाही. बाळाला वाट मिळावी म्हणून हे सांधे सैल होतात. काहींचे जरा जास्तच होतात. पट्टा उत्तम बांधलाय. बसून कपडे बदलावे, एका पायावर उभं राहू नये, ओझं उचलू नये, ढांगा टाकू नयेत आणि जिना शक्यतो चढूच नये. बाळंतपणानंतर हळूहळू आपोआप बरं होतं."

"म्हणजे हा रोग आहे का?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"रोग असा नाही म्हणता येणार."

"रोग नाही. म्हणजे बाई निरोगी आहे. निरोगी माणसाला जिना चढता येतो. चढू द्या."

"पण दुखेल, रावसाहेब."

"दुखणं हा रोग आहे का, ते एकदा ठरवा. असेल तर तिला दवाखान्यात पाठवा, आणि मानकरी रोगी निघाली असं मेहुण्याला कळवा. नसेल तर चढू द्या."

डॉक्टरांनी आपल्या नोकरीचा विचार केला आणि दवाखान्यात कोणीतरी वाट बघत असल्याचं त्यांना आठवलं.

एव्हाना कचेरीतले सगळे कारकून कठड्याशी जमले होते. प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी कोणी बाळंत झालेलं होतंच. एकाने सांगितलं, गरम विटेचा शेक घ्या. दुसऱ्याने सांगितलं, आमच्या हिला तर खुर्चीवरून उठताना हात द्यावा लागायचा. कारभाऱ्यांच्या घरच्या काकूंनी शेजारच्या खिडकीतून हाक मारली, "अगं, मलाही अस्सं झालं होतं. अजिबात उभी राहू नकोस हो!" सल्ले भरपूर आले आणि सगळे बरोबर होते. पाट मात्र कोणी आणला नाही. कचेरीच्या आवारात मानकऱ्याने मान मिळाल्यावर बसायचं असतं, आणि मान वर होता.

ऊन चढलं. नवशी उभीच होती. तिने एकदा कठड्याकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे पाहिलं, आणि लाडक्याचा हात धरून सावकाश, दोन्ही गुडघे एकत्र ठेवत, पहिल्या पायरीवर बसकण मारली.

कठड्यावरचे लोक वाकून बघू लागले.

"ऊठ!" शिपाई म्हणाला.

"नाय उठायची," नवशी म्हणाली. तिचा आवाज काही मोठा नव्हता, पण माडीपर्यंत गेला. "मना घाट चढायचा हाय, आयसकडं जायाचं हाय. जाऊ देत नाय तं इठंच ऱ्हाते. पोर इठंच व्हईल."

"कचेरीत?" कारभारी कठड्याशी आले.

"पायरीवं."

कारभाऱ्यांच्या कपाळावर आठी पडली. कचेरीच्या आवारात जन्मलेलं ते दरबारचं, असा पायंडा होता. मागे पागेतली घोडी फाटकाशी व्याली होती, तेव्हा तिचं शिंगरू दरबारच्या नावे धरलं होतं, आणि तो निर्णय खुद्द त्यांचाच होता. आता इथे मूल झालं की ते दरबारचं. म्हणजे पाळणा दरबारचा, बारसं दरबारचं, साखर हत्तीवरून वाटायची तर आधी हत्ती आणायचा. आणि उद्या ठाण्याहून गोरा साहेब विचारणार, दरबाराला मूल झालं म्हणता, ते कोणापासून? याचं उत्तर कोणत्याही पायंड्यात नव्हतं.

"सनद करा!" कारभारी ओरडले. "आत्ताच्या आत्ता!"

कारकुनाकडे एका माणसापुरत्या, एका दिवसापुरत्या सनदेचा मसुदा नव्हता. आजवर सनद द्यायची ती पिढ्यान् पिढ्यांसाठीच. त्याने जुन्या सनदेवरून मजकूर उतरवला, मधे नवशीचं नाव घातलं, शिक्का मारला. सनद वर आणि मानकरी खाली, हा पेच शेवटी एका टोपलीने सोडवला. टोपलीत सनद, नारळ आणि विड्याची पानं ठेवून ती दोराने कठड्यावरून खाली सोडली. शिपायाने खालून मोठ्याने वाचलं.

"साखरशेतची नवशी व तिच्या वंशातील सर्व गरोदर स्त्रिया यांणी डोंगरवाटेने डोलीतूनच जावे. डोली वाहण्याची तजवीज ज्याची त्याने करावी. मरातबाच्या डोलीचे भोई कोणी काढून घेऊ नयेत. डोलीच्या पुढे कोणी जाऊ नये. डोली दृष्टीस पडताच वाटेवरील सर्वांनी उठून उभे राहावे. हा मरातब वंशपरंपरा आचंद्रार्क चालावा."

"म्हंजे जाऊ का?" नवशीने विचारलं.

"जा, बाई, जा!" कारभारी म्हणाले.

नवशीने नारळ मांडीवर घेतला आणि डोली निघाली.

आता कारभाऱ्यांना त्याच दुपारी मोखाड्याकडे फिरतीवर जायचं होतं. जेवण झालं, पान झालं, दाराशी त्यांची डोली लागली. भोई मात्र लागले नाहीत. लाडक्या आणि माघ्या केव्हाच गेले होते.

"परत बोलवा त्यांना!"

"मरातबाच्या डोलीचे भोई काढून घेता येत नाहीत, रावसाहेब," कारकून म्हणाला. "सनदेवर आपलाच शिक्का आहे."

"मग घोडा आणा."

घोडी शिंगरू झाल्यापासून कोणाला पाठीवर बसू देत नव्हती. घोडीची बाजू समजण्यासारखी होती. मोखाड्यात मंडळी खोळंबलेली, तेव्हा कारभारी चालत निघाले. जन्मात प्रथमच त्यांनी तो घाट स्वतःच्या पायांनी धरला, आणि मेहुणा मागून छत्री धरून चालला.

नवशीची डोली सावकाश चालली होती. प्रत्येक वळणावर लाडक्या ती टेकवायचा, नवशी जराशी कुशीवर व्हायची, पट्टा पुन्हा आवळायची, मग पुढे. त्यामुळे अर्ध्या घाटात कारभाऱ्यांनी तिला गाठलं. गाठलं, पण पुढे जाता येईना. डोलीच्या पुढे कोणी जाऊ नये, हे त्यांच्याच शिक्क्याखाली होतं. ते मागून चालू लागले. घाईने आल्यामुळे त्यांची कंबर धरली होती, मांडीत गोळा आला होता, आणि वर चढ संपायचं नाव घेत नव्हता.

शेवटी ते एका दगडावर मटकन बसले.

"रावसाहेब, उठा!" मेहुणा कुजबुजला. "डोली दिसतेय. नाक्यावरचे दोन्ही शिपाई मागून येतायत. ते बघतील."

कारभारी उठले. चार पावलं गेले. पुन्हा बसले. डोली अजून दिसतच होती. पुन्हा उठले. असं किती वेळा झालं ते मेहुण्याने पुढे घरी सांगितलं नाही, आणि त्याबद्दल त्याला पुढच्याच महिन्यात बढती मिळाली.

नवशीने पडद्यातून मागे पाहिलं. कारभारी लाल झाले होते आणि एका पायावर उभे राहून दुसरा चोळत होते.

"ए राव!" ती ओरडली. "एका पायावं नका उभं ऱ्हाऊ. त्यानंच दुखं. ढांगा नका टाकू. पाय जवळजवळ घ्या. आनि जरा बसा."

"बसता येत नाही, बाई," कारभारी म्हणाले. त्यांचा आवाज माडीवरचा नव्हता. "डोली दिसते आहे. नियम आहे."

"कोनी केला नेम?"

कारभारी पाय बदलून दुसरा चोळू लागले.

नवशीला हसू आलं. ते तिने दाबलं नाही, आणि हसताना पुढच्या सांध्यात कळ आली म्हणून लगेच थांबली. मग तिने लाडक्याला डोली टेकवायला सांगितली आणि पडदा पूर्ण ओढून घेतला. पडद्यामागून ती म्हणाली, "बसा, राव. मी नाय बघत."

कारभारी बसले. चांगले पाय पसरून, धोतर सावरून, जमिनीवर बसले. त्यांना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मला त्या माणसाचा राग आहे, पण त्या घटकेपुरता नाही.

सूर्य कलता कलता डोली नदीकाठच्या पाड्यावर पोचली. गौराने लेकीला आधी बसवलं, मग विचारलं काय झालं ते. विटेचा शेक दिला, पट्टा सोडून पुन्हा नीट बांधला, आणि ठरलेल्या दिवसांपर्यंत तिला ओझं उचलू दिलं नाही. यथावकाश नवशीला मुलगी झाली. पावसाळा तोंडावर आला तेव्हा नवशी स्वतःच्या पायांनी, धाकलीला पाठीशी बांधून, साखरशेतला परत आली. सांधे आपोआप बसले होते, डॉक्टर म्हणाले होते तसे.

सनदेची बातमी मात्र तिच्याआधी डोंगरात पोचली. वंशातील सर्व गरोदर स्त्रिया, असा शब्द होता. त्या वर्षापासून जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांत एकही गरोदर बाई नवशीच्या वंशाबाहेरची निघाली नाही. नवा नाकेदार येईल त्या डोलीला मुजरा करू लागला. चुकून राहायला नको.

पुढे संस्थान गेलं. दरबार गेला, मुजरे गेले, तनखे गेले, सगळ्या सनदा गेल्या. नवशीची सनद मात्र कोणी रद्द केली नाही. उलट नंतर आलेल्या प्रत्येक सरकारने ती इमानाने पाळली. गरोदर बाईने डोंगरवाटेने डोलीतूनच जावे, म्हणून त्या वाटेचा रस्ता होऊ दिला नाही. तजवीज ज्याची त्याने करावी, म्हणून दुसऱ्या कोणी केली नाही. आजही एखाद्या पाड्यावरून बांबू आणि गोधडीची डोली निघते, दोघं जण खांदा देतात, गुडघे जुळवून कोणी आत बसलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो येतो. आचंद्रार्क म्हणजे आचंद्रार्क.

मोडलं ते एकच कलम. डोली दृष्टीस पडताच उठून उभं राहायचं होतं. तो फोटो तुम्ही पाहिला होता. चहा घेत होता, अरेरे म्हणालात आणि पान उलटलंत. आत्ताही बघा, इतका वेळ डोली तुमच्या डोळ्यांसमोरून चालली आहे आणि तुम्ही बसूनच आहात.

बसा, राव. नवशी नाय बघत.